दारावरचा कागद

मागच्या महिन्यात मॅडमचा निरोप आला. मॅडम म्हणजे युरोपातल्या एका शहराच्या विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या, तिथल्याच बाई. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या विभागात मी एक वर्ष पाहुणा शिक्षक होतो. त्यांची मराठी पुस्तकांतून आलेली, त्यामुळे मोबाइलवरचा निरोपही अर्जासारखा असतो. "आदरणीय सर, मी डिसेंबरमध्ये वाशीमला येत आहे. आपल्या दिवंगत भगिनींच्या घरी जाऊन फुले वाहावीत, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. कृपया त्यांच्या चिरंजीवांना कळवावे."

चिरंजीव म्हणजे माझा भाचा. पन्नाशीचा आहे, रिठदला शेती करतो. मी लगेच फोन लावला. सोयाबीनची मळणी चालली होती, यंत्राच्या आवाजात त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो बाजूला आला असावा, कारण पुढचं वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"मामा, थ्या बाईले आमच्या घरी आनू नका."

"अरे, थे तुह्या मायसाठीच येऊन राह्यली."

"म्हणूनच म्हणतो. माय खाटेवर पडून होती, तवा जिनं तुमाले रजा देल्ली नाही, तिले मी कायले चा पाजू? गावातले लोकं काय म्हणतीन मले?"

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

मला रजा मिळाली नाही, म्हणून मरणाच्या दारातल्या बहिणीला मी भेटू शकलो नाही, ही गोष्ट रिठदमध्ये सगळ्यांना माहीत आहे. अनसिंगला, जिथं मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तिथंही माहीत आहे. परदेशातली माणसं कशी दगडाच्या काळजाची असतात, हे सांगताना लोक माझं उदाहरण देतात. ती गोष्ट खोटी आहे. ती मीच सांगितलेली आहे. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. ती बाई डिसेंबरमध्ये येणार, तिच्या आधी खरं काय ते लिहून ठेवायला हवं.

माझी बहीण, आक्का, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि आक्काचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. तिनं मला सासरी रिठदला नेलं. सासूनं विचारलं, हे काय आंदण आणलं, तर म्हणाली, "हौ, जेवतंही अन् बोलतंही." सातवीपर्यंत मी त्याच घरी राहिलो. तिला वाचता येत नव्हतं. भाकरी करताना ती मला शाळेतला धडा मोठ्यानं वाचायला लावी. आवडला की म्हणे, "आखीन एक खेप वाच." मी वाचत नसे. "एकदा वाचला ना," म्हणून पळून जाई. एकच गोष्ट दोनदा करायचा मला लहानपणापासून कंटाळा. पुढं मास्तर झालो, तरी वर्गातही तसाच होतो. ज्याला पहिल्यांदा समजलं नाही, त्याला शेजाऱ्याला विचारायला सांगत असे.

मॅडम पहिल्यांदा इकडं आल्या त्या वऱ्हाडी बोली ऐकायला. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी त्यांना आक्काकडं नेलं. त्यांनी हात जोडून विचारलं, "आपली प्रकृती उत्तम आहे ना?" आक्कानं माझ्याकडं पाहिलं. "हे काय बोलून राह्यली? कीर्तनकाराची पोरगी हाये काय?" मग त्यांना चुलीजवळ बसवून ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ताक दिलं. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आक्का म्हणाली, "रडते कायले, ताक पे." नंतरचे दोन महिने मॅडम दर आठवड्याला रिठदला जात. अंगणात बसून आक्काबरोबर तूर निवडत आणि वहीत शब्द लिहून घेत. आक्का त्यांना 'पोरगी' म्हणे. मॅडम तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या असतील.

पुढं त्यांनी मला वर्षभरासाठी बोलावलं. माझी बायको वारली होती, मूलबाळ नाही, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. मी गेलो.

त्या शहरानं मला पहिल्याच सकाळी धक्का दिला. मी राहत होतो त्या इमारतीच्या मुख्य दारावर एका म्हाताऱ्याचा फोटो असलेला कागद चिकटवलेला होता. कडेनं काळी रेघ. मला वाटलं, हा माणूस पोलिसांना हवा असेल. मॅडम म्हणाल्या, "हे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर राहत होते. ते मंगळवारी मरण पावले." अगदी पाणीपुरवठ्याची वेळ सांगावी तसं. मग मला रस्तोरस्ती ते कागद दिसू लागले. दारांवर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर. कुणी मेलं की त्या दिवशी एक कागद, चाळिसाव्या दिवशी दुसरा, मग सहा महिन्यांनी, वर्षानं. मेलेला माणूस आपल्याच दारावरून येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत राहतो. फ्लेक्स आता आपल्याकडंही चौकात लागतात, पण स्वतःच्या घराच्या दारावर, ज्यातून रोज भाजी आणायला जायचं, तिथं? मी दार उघडताना नजर खाली ठेवून जात असे.

कारण आमच्याकडं सगळं उलट. आमच्याकडं मरणाची बातमी घरचा माणूस देत नाही आणि सरळ तर कुणीच देत नाही. बाहेरगावच्या माणसाला फोन करायचा तो तिसऱ्यानं. आधी विचारायचं, जेवण झालं का, सोबत कोण आहे. मग सांगायचं, जरा घरी येऊन जा. ऐकणाऱ्यानं 'काय झालं' विचारायचं नसतं. विचारलं तर सांगणाऱ्याला खोटं बोलावं लागतं, म्हणून विचारायचं नाही. मी हे काम स्वतः कितीदा केलं आहे. अनसिंगच्या शाळेत फोन होता, तालुक्यात कुठंही काही झालं की तिथंच निरोप येई. एकदा आसेगावच्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. मी त्याला वर्गातून बोलावलं, डबा खाल्ला का विचारलं आणि स्कूटरवर बसवून त्याच्या घरापर्यंत नेलं. वाटेत आम्ही पावसापाण्याचं बोललो. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. तेराव्याला तो म्हणाला, "सर, तुमी डब्याचं इचारलं तवाच मी समजलो." मला त्याचं कौतुक वाटलं, आणि माझंही.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, दुपारी बाराच्या सुमारास, मी विभागातून घरी येऊन भात टाकला होता. व्हॉट्सअॅपवर फोन वाजला. रिठदचा किराणा दुकानदार. आक्काच्या घरासमोर त्याचं दुकान आहे. गावात कुणी गेलं की बाहेरगावी फोन करायचे ते त्यानंच, हे काम गावानं त्याच्याकडं न सांगता सोपवलेलं होतं. मला त्यानं त्याआधी कधी फोन केला नव्हता.

"सर, जेवन झालं काय?"

माझ्या हातातला चमचा तिथंच राहिला.

"नाही. व्हायचं आहे."

"मंग जेऊन घ्या पहिले. सोबत हाये काय कोनी?"

"नाही."

"आक्काबाईचं जरा असं झालं. तुमचा भाचा तिकडंच हाये, मले म्हणे मामाले फोन लावून दे. जमलं त येऊन जा सर."

"कधी?"

"सकायीच. कुरडया वाळू घालत होत्या वट्यावर."

काय झालं, ते मी विचारलं नाही. जन्मभर ज्या शिस्तीनं मी लोकांना बातम्या दिल्या, त्याच शिस्तीनं घेतली. इथून विमानानं घरी पोहोचायला दोन दिवस लागणार, तोवर प्रेत कोण ठेवतं? अशा वेळी लांबच्या माणसानं जे म्हणायचं असतं, ते मी म्हणालो. "भाच्याला सांगा, माझी वाट पाहू नका. पुढचं करून घ्या."

"बरं सर," तो म्हणाला.

मी भात बंद केला आणि डोक्यावरून गार पाण्यानं आंघोळ केली. तिथं गरम पाण्याचा नळ असतो. तो बंद ठेवण्यासाठी मी हातानं दाबून धरला होता, एवढं आठवतं. लग्न झालेल्या बहिणीचं आम्ही तीन दिवस पाळतो. दुःखाच्या घरी फोन करायचा नसतो, जाऊन समोर बसायचं असतं. मला जाता येणार नव्हतं, म्हणून मी खोलीतच बसलो.

दुपारचा वर्ग चुकला तशा मॅडम धावत आल्या. मी सांगितलं, आक्का गेली. त्या दारातच खाली बसल्या. त्यांची पुस्तकी मराठी कुठल्याकुठं गेली. "पोरगी म्हणे मले," एवढंच बोलल्या, ते वऱ्हाडीत. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सर, आपण आजच जा. तिकीट विभाग काढील. वर्ग मी घेईन. दोन महिने लागले तरी चालतील." हे शब्द मी जसेच्या तसे लिहितो आहे, कारण याच शब्दांवर मी पुढं पाणी फिरवलं. मी म्हणालो, आता जाऊन उपयोग नाही, दहन झालं असेल. त्या पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा नको म्हणालो. त्यांनी आक्काचा फोटो मागितला. माझ्या मोबाइलमध्ये एकच चांगला होता, ती अंगणात सूप घेऊन बसलेली असतानाचा, मॅडमनीच काढलेला. मी दिला. कशाला हवा, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो. इमारतीच्या दारावर आक्का होती. काळ्या रेघेत, सूप हातात, कपाळावर हिरवं गोंदण. खाली त्यांच्या भाषेत आणि मराठीत तिचं नाव, गाव, आणि एक ओळ: 'आम्हाला भाकरी देणाऱ्या आईला.' मी दाराची कडी धरून किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरची त्या म्हाताऱ्याची बायको बाहेर आली, तिनं कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माझा हात तिच्या दोन्ही हातांत धरला. सहा महिन्यांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मला त्या शहराविषयी जे काही वाटत होतं, ते त्या मिनिटात उलटंपालटं झालं. तो कागद मला त्या दिवशी सुंदर वाटला. हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. सुतक संपलं होतं, आता बोलायला हरकत नव्हती.

"झालं का रे सगळं नीट?"

"झालं मामा. काही तरास नाही झाला."

"अस्थी कुठं नेल्या?"



"कोनाच्या?" त्यानं विचारलं.

"आक्काच्या."

"मामा, तुमी बरे हा ना?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "माय इथंच हाये. अकोल्याच्या दवाखान्यात. खुबा मोडला वट्यावरून पडून, परवा आपरेशन झालं. तुमीच त निरोप देल्ला, वाट पाहू नका, करून घ्या. आता मोसंबीचा रस पेऊन राह्यली. थांबा, देतो."

मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो होतो. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. फोनमध्ये कपड्याची खसफस, मग तो आवाज. जाडसर, थोडा घोगरा. जो आवाज गेला म्हणून मी तीन दिवस रडलो होतो.

"कवा येतं रे?"

तिनं फोन कानापासून दूर धरून भाच्याला विचारलेलं ऐकू आलं, "हा बंद झाला काय?" मग मी ओरडलो, "येतो! आक्का, येतो!"

"ये," ती म्हणाली. "वरडू नको."

मी कपडे घातले आणि विभागाकडं धावत निघालो. सांगायचं आणि आजच निघायचं, दुसरा विचार नव्हता. इमारतीच्या दारावरच्या आक्काला हात लावून गेलो. वाटेत हसू येत होतं, रस्त्यातली माणसं वळून पाहत होती.

वर्गाचं दार उघडलं तर सगळे विद्यार्थी उभे होते. नऊ जण, प्रत्येकाच्या हातात दोन दोन फुलं. तिकडं मेलेल्यासाठी फुलं सम संख्येत आणतात. टेबलावर आक्काचा फोटो, पुढं मेणबत्ती, आणि एका मोठ्या भांड्यात उकडलेले गहू, वरून साखर पेरलेले. मॅडमनी पहाटे उठून केले होते. आमच्याकडं अशा घुगऱ्या बारशाला वाटतात. तिकडं मेलेल्याच्या नावानं खातात. एक मुलगी पुढं झाली आणि पाठ केलेलं मराठी वाक्य म्हणाली, "सर, तुमच्या दुःखात आम्ही आहोत." मॅडमनी वाटीत घुगऱ्या काढून माझ्या हातात दिल्या.

त्याच वेळी सांगायचं होतं. एवढंच वाक्य, 'ती जिवंत आहे.' सगळे हसले असते, रडले असते, त्या घुगऱ्या बारशाच्या म्हणून खाल्ल्या असत्या. पण मी तिथं प्राध्यापक होतो. अनसिंगच्या शाळेतल्या मास्तरसाठी ती मुलं उठून उभी राहत होती. पुढच्या वर्षीही मला ठेवायचं का, ते त्याच महिन्यात ठरणार होतं. फोनवर एक साधा प्रश्न न विचारता जिवंत बहिणीचं सुतक पाळणारा माणूस, आणि तो यांना आपल्या रीतीभाती शिकवणार! उद्या सांगू, म्हणून मी वाटीतला पहिला घास घेतला. रस पिणाऱ्या बहिणीच्या नावाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या.

आणि तो घास गिळल्यावर सांगणं आणखी अवघड झालं. दुसऱ्या दिवशी त्याहून अवघड. रजा मागायची तर कोणासाठी मागणार? त्यांच्या लेखी तिला तर मी निरोप दिला होता.

आठवड्यानं भाच्याचा फोन आला. "मामा, माय इचारून राह्यली, कवा येता?"

"रजा मिळत नाही रे," मी म्हणालो. आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि निघाल्याबरोबर सोयीचं वाटलं.

त्यानं फोन आक्काला दिला. मी तिलाही तेच सांगितलं. "परीक्षा हायेत. रजा देऊन नाही राह्यले."

"कोन? थे पोरगी?"

"हौ."

"थे देत नाही रजा? तुले?"

"नेम कडक हायेत इथले."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर मी चार-पाच वेळा फोन केला. जखम कशी आहे, भूक लागते का, सगळं बोलली. 'कवा येतं' असं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मला तेव्हा त्यातून सुटल्यासारखं वाटलं.

मी रोज त्या दारातून जात होतो. पाऊस आला, कागदाचा एक कोपरा सुटला. तो मी फाडू शकलो असतो. कुणी विचारलं नसतं. एकदा नख घातलंही. मग मागून कुणाची तरी पावलं वाजली, आणि मी तो कोपरा अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवला. पाहणाऱ्याला वाटलं असेल, भाऊ किती जपतो आहे.

अडतिसाव्या दिवशी भाच्याचा फोन आला. त्यानं जेवणाचं विचारलं नाही. सोबत कोण आहे, विचारलं नाही. "मामा, माय गेली," तो म्हणाला. "सकायी सहा वाजता. सरळ सांगून राह्यलो, तुमचा आखीन घोटाळा नको व्हाले."

आमच्या घराण्यात अशी सरळ बातमी मिळालेला मी पहिला माणूस असेन. दहा वाजता माझा वर्ग होता. मी तो घेतला. त्या दिवशी भूतकाळाची रूपं होती. कुणाला काही सांगायचा प्रश्न नव्हता, माझं दुःख त्यांच्याकडं महिनाभरापूर्वीच जमा झालं होतं. तास संपल्यावर ती पाठ केलेलं वाक्य म्हणणारी मुलगी म्हणाली, "सर, आज आपण छान दिसता." मी दाढी केली होती, म्हणून.

दोन दिवसांनी इमारतीच्या दारावर नवा कागद लागला. चाळिसाव्या दिवसाचा. तेच सूप, तेच गोंदण. यावेळी, दिवसांचा हिशोब सोडला तर, त्यावरचं सगळं खरं होतं.

विभागानं मला पुढचं वर्ष देऊ केलं. मी नाही म्हणून जूनअखेर परतलो. रिठदला लोक भेटायला आले. रजेची गोष्ट त्यांना आधीच ठाऊक होती. किराणा दुकानदार म्हणाला, "आक्काबाईच्या हातचं खाऊन गेली थे, अन् असं करते?" एक म्हातारी म्हणाली, तिच्या घरी कोणी मरत नसंल काय. मी मान हलवली. मान हलवून थांबलो असतो तरी बरं, पण मी म्हणालो, "तिकडच्या लोकांना माणूस समजत नाही."

आठ वर्षं असंच चाललं. मग तो निरोप आला, आणि भाच्याचं ते उत्तर.

परवा मी एस.टी.नं रिठदला गेलो. भाचा ओसरीत पोत्यांना सुतळी लावत होता. भाचसुनेनं पाणी दिलं. मी म्हणालो, जरा बस, सुतळी राहू दे. आणि सांगितलं. तिकिटाचं, दोन महिन्यांच्या रजेचं, घुगऱ्यांचं, दोन्ही कागदांचं. सांगताना त्याच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून पोत्यांकडं बघत होतो. मला वाटलं होतं, तो उठून जाईल. मला घरातून काढील, असंही वाटलं होतं.

तो दाभणात सुतळी ओवत राहिला.

"मामा," तो म्हणाला, "तुमी अस्थीचं इचारलं ना, थे मी मायले सांगतलं होतं. टाके दुखेपर्यंत हासली. म्हणे, आता शंभर वर्सं जगतो मी. म्हणे, रडला असंल बिचारा तिकडं एकटाच."

"आणि रजेचं?"

त्यानं दाभण खाली ठेवलं.

"तुमी फोनवर रजेचं सांगतलं, अन् तिनं फोन मह्याजवळ देल्ला. म्हणे, थे पोरगी नाही म्हणाची नाही. थिचे डोये पाह्यले मी. हाच येत नाही. एकदा रडून मोकया झाला, आता दुसऱ्या खेपेले कायले येते थो."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला, तरी हात धरलेल्या आकारातच राहिला.

"तुला माहीत होतं?"

"आठ वर्सं झाले. माय म्हणे, लोकायले रजेचंच सांगजो. माह्या भावाले कोनी नाव ठेवाले नाही पायजे. म्हणून सांगत राह्यलो. गावभर." तो पहिल्यांदा चिडला. "तुमाले काय वाटलं, मले थ्या बाईचा राग हाये? थे इथं आली, अन् चार लोकात बोलली, मी त दोन महिन्याची रजा देल्ली होती, मंग? तुमचं काय रायते? मायनं सांगतलं थे कसं निभवू मी? म्हणून म्हणलं, आनू नका."

सून चहा घेऊन आली होती ती चौकटीतच थांबली. मी विचारलं, "मग आता?"

"आता काय. आना." त्यानं दाभण उचललं. "पन सांगाचं तुमी. थिच्या समोर, दुकानवाल्याले बलावून, समद्यायसमोर. मी नाही सांगत आता. मह्याच्यानं झालं तेवढं केलं."

मी घरी येऊन मॅडमना कळवलं, अवश्य यावं. त्यांनी विचारलं आहे, फुलं किती आणावीत, आपल्याकडं काही नियम आहे का. मी लिहिलं, नियम नाही.

त्यांना मराठी येतं. म्हणून हे सगळं मी कागदावर लिहून घेतलं आहे. तोंडी सांगायला लागलो तर मी पुन्हा काहीतरी सोयीचं बोलेन, ही भीती आहे. त्या दिवशी आक्काच्या ओसरीत, जिथं चुलीचा धूर यायचा त्या जागेवर बसून, हे मी मोठ्यानं वाचणार आहे. संपल्यावर कुणी म्हणालं, आखीन एक खेप वाच, तर वाचीन.